छत्रीधारी सैनिकांची पुस्तके घेण्यापूर्वी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पॅराट्रूपरच्या, म्हणजे विमानातून छत्रीने उडी घेणाऱ्या सैनिकाच्या, आठवणींचे पुस्तक मागताना बहुतेक वाचक विचारतात, उडी आणि लढाई भरपूर कशात आहे? आमची विनंती अशी, की पुस्तक हातात आले की आधी शेवटची चाळीस-पन्नास पाने उघडा. सैनिक घरी आल्यावर त्याचे काय झाले, हे तिथे असते किंवा मुळीच नसते. पुष्कळ पुस्तके युद्धबंदीच्या दिवशीच मिटतात. अशी पुस्तके वाईट असतात असे नाही, पण विकत घेण्याआधी तुम्हाला ते माहीत हवे.

लिहिले कधी आणि छापले कधी

मुखपृष्ठाच्या मागच्या पानावर छपाईचे साल असते. मजकूर कधी लिहिला, हे मात्र प्रस्तावनेत शोधावे लागते आणि तेच जास्त महत्त्वाचे. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या ५०६व्या पॅराशूट रेजिमेंटच्या ईझी कंपनीवर आमच्याकडे सर्वाधिक मागणी असते, म्हणून उदाहरण तिथलेच घेऊ. डेव्हिड केन्यन वेबस्टर या शिपायाचे ‘पॅराशूट इन्फंट्री’ हे पुस्तक १९९४ साली निघाले. साल पाहून ते म्हातारपणीचे लेखन वाटते. प्रत्यक्षात वेबस्टर १९६१ मध्येच समुद्रात बेपत्ता झाला होता. हस्तलिखित युद्धानंतर लगेचच्या काळातले आहे आणि घरी धाडलेली पत्रे त्याच्या हाताशी होती. म्हणूनच त्यात अधिकाऱ्यांवरचा राग, बेचव जेवण आणि कंटाळा ताजा आहे. त्याच कंपनीचा अधिकारी रिचर्ड विंटर्स याच्या आठवणी २००६ साली आल्या, म्हणजे घटनांनंतर साठ वर्षांनी. तिथे विचार जास्त आहे, राग निवलेला आहे.

दोन्ही प्रकारांत चुका होतात, पण वेगवेगळ्या. लगेच लिहिणाऱ्याला गावांची नावे चुकीची आठवतात, आणि समोर आलेला प्रत्येक जर्मन रणगाडा त्याला ‘टायगर’ हा गाजलेला जड रणगाडाच दिसतो. उशिरा लिहिणाऱ्याच्या तारखा एकमेकींत मिसळतात, आणि मधल्या काळात वाचलेली पुस्तके व पाहिलेले चित्रपटही आठवणीत शिरतात. मुलाखतींवर बेतलेल्या पुस्तकांत तिसरीच चूक संभवते: जो मुलाखतीला हजर नव्हता, त्याच्याबद्दल इतर जे सांगतील तेच छापले जाते. याच कंपनीच्या अल्बर्ट ब्लाइथचे तसे झाले. सोबत्यांची समजूत होती की तो जखमेतून कधीच सावरला नाही. या कंपनीवरच्या ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत तर १९४८ मध्ये वारला असे लिहूनच आले. प्रत्यक्षात तो बरा झाला, सैन्यातच राहिला, कोरियात गेला आणि १९६७ साली वारला. सावरलेल्या माणसाची गोष्ट अशी बिनबोभाट गळून जाते. म्हणून कोणाबद्दल ‘तो पुन्हा उभा राहिला नाही’ असे वाक्य आले, की ते कोण सांगतोय ते पाहा.

उडीचे शब्द

हे चार शब्द कळले नाहीत तर पहिली शंभर पाने डोक्यावरून जातात.

‘स्टिक’ म्हणजे एका विमानातून एकामागोमाग उडी घेणारी तुकडी. सी-४७ विमानात साधारण १५ ते १८ जण. ‘स्टॅटिक लाइन’ म्हणजे छत्रीला जोडलेला पट्टा. त्याचे दुसरे टोक विमानातल्या तारेला अडकवतात, आणि माणूस बाहेर पडला की पट्टा ताणून छत्री आपोआप उघडते. ‘डीझेड’ म्हणजे उतरण्याचे ठरलेले मैदान. ‘लेग बॅग’ म्हणजे पायाला बांधलेली सामानाची पिशवी. हवेत ती सोडायची आणि दोरीने खाली लोंबू द्यायची.

६ जून १९४४ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, दोस्तांच्या स्वारीच्या सुरुवातीला, हे सगळे एकदम बिघडले. किनारा ओलांडताच ढगांचा पट्टा लागला, खालून विमानविरोधी तोफा सुरू झाल्या, वैमानिकांनी रांगा मोडल्या, काहींनी वेग वाढवला. उडीच्या वेळी विमान ताशी ११० मैलांच्या आसपास असायला हवे. त्याहून जोरात असेल तर छत्री उघडतानाचा झटका इतका बसतो, की लेग बॅग तुटून जाते. म्हणून कितीतरी आठवणींत सैनिक जमिनीवर उतरतो तो रायफलीशिवाय. मेर्देरे नदीकाठची शेते पाण्याखाली होती, आणि अमेरिकन पट्ट्यांची आकडी-बकले एकेक करून सोडावी लागत. ब्रिटिश छत्रीला एका दाबाने सुटणारी पेटी होती. कंबरभर पाण्यात एवढ्याशा फरकाने माणसे बुडाली. नंतर अमेरिकनांनीही सुटी होणारी पेटी घेतली. लेखक जेव्हा पानभर त्या बकलांबद्दल लिहितो, तेव्हा तो भाग ओलांडून पुढे जाऊ नका.

सावरण्याचे सर्वांत पूर्ण पुस्तक

एकच पुस्तक सुचवा म्हटले, तर आम्ही जॉन हॅकेट यांचे ‘आय वॉज अ स्ट्रेंजर’ (१९७७) देतो. हॅकेट ब्रिटिशांच्या चौथ्या पॅराशूट ब्रिगेडचे ब्रिगेडियर. १८ सप्टेंबर १९४४ रोजी ते हॉलंडमधल्या गिंकेलच्या माळावर उतरले, सहा दिवसांनी आर्नेमजवळ पोटात व मांडीत जखमी झाले. त्या मोहिमेत पहिल्या एअरबोर्न डिव्हिजनचे सुमारे १० हजार जण गेले. ऱ्हाईन ओलांडून परत आले ते अडीच हजारही नव्हते. आर्नेमचे सेंट एलिझाबेथ इस्पितळ जर्मनांच्या ताब्यात गेले होते. पोटाची ती जखम हाताबाहेरची आहे असे तिथे मत पडले असताना लिपमन केसेल या ब्रिटिश पॅराशूट शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली आणि हॅकेट वाचले.

इथवर लढाई. पुस्तकाचा मोठा भाग पुढचा आहे. डच भूमिगतांनी त्यांना इस्पितळातून उचलून एडे गावातल्या डे नोई कुटुंबाकडे पोहोचवले. घरातल्या प्रौढ बहिणींनी चार महिने त्यांची शुश्रूषा केली. ती १९४४-४५ची, हॉलंडमध्ये उपासमारीची थंडी होती, आणि जर्मन सैनिक हाकेच्या अंतरावर. खाटेवर उठून बसणे, खोलीतल्या खोलीत चालणे, मग अंधार पडल्यावर बाहेर काही पावले, अशा गतीने हे पुस्तक पुढे सरकते. फेब्रुवारी १९४५ मध्ये सायकल आणि होडीने ते दोस्तांच्या बाजूला पोहोचले. घाई असलेल्या वाचकाला मधला भाग संथ वाटेल; तो तसाच वाचायचा आहे. नकाशा जवळ ठेवा: उडीचा माळ एडेच्या अगदी पूर्वेलाच आहे. ज्या जमिनीवर ब्रिगेड घेऊन उतरले, तिथून थोड्याच अंतरावर परक्या घरात ते पुन्हा चालायला शिकले.

‘पीटीएसडी’ शब्द नसला तरी

मनावरच्या आघाताचे हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० साली आले. त्याआधीच्या पुस्तकात तो शब्द शोधून सापडणार नाही. त्याऐवजी खुणा पाहा: ‘थकवा’, ‘नर्व्हस’, रात्रीची झोप, दारू, नोकऱ्या बदलणे, बायकोने सांगितलेली एखादी गोष्ट. लेखक ज्या सोबत्याबद्दल अर्ध्या वाक्यात बोलून गप्प होतो, तिथे बहुधा काहीतरी असते.

परतीचा प्रवास कसा झाला, हेही ताडून पाहा. १९४५ मध्ये अमेरिकन सैनिकाला घरी सुटायला ८५ गुण लागत. ईझी कंपनीतले गुण कमी असलेले उन्हाळ्यात ऑस्ट्रियात थांबले, आणि गोळी न लागताही अपघातांत आणि दारूत माणसे गेली. हे प्रकरण ‘निवांत’ समजून वाचक सोडतात, ती चूक आहे. पण तीच माणसे त्या महिन्यांत आपापसात बोललीही. व्हिएतनाममध्ये शिपाई वर्षाची मुदत संपली की एकटा विमानात बसे आणि दोन-तीन दिवसांत घराच्या दारात असे. दोन्ही काळांतले एकेक पुस्तक लागोपाठ वाचले, तर हा फरक कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

आणखी एक उपाय: एकच दिवस दोन-तीन पुस्तकांतून वाचा. ३ जानेवारी १९४५ रोजी बेल्जियममधल्या बास्तोनजवळच्या जंगलात तोफांच्या माऱ्यात ईझी कंपनीच्या जो टॉय आणि बिल गार्नेर या दोघांचा एकेक पाय गेला. तो दिवस वेगवेगळ्या आठवणींत आहे, आणि गार्नेरच्या स्वतःच्या पुस्तकात पाय गेल्यानंतरचे आयुष्यही.

आपल्याकडचे

दुसरी पॅरा बटालियन म्हणजे पूर्वीची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. तिच्या नावापुढे ‘मराठा’ हा शब्दही लागे. बांगलादेश युद्धात ११ डिसेंबर १९७१ रोजी तीच ढाक्याच्या वायव्येच्या टांगाईलला उतरली, पुंगली पुलाचा ताबा घेतला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पोहोचली. या उडीवरचे पुस्तक घेताना दोन गोष्टी तपासा. उतरलेले सैनिक बटालियनभर, म्हणजे सुमारे ७०० होते. त्या वेळी बातम्यांत ५ हजारांचा आकडा फिरला आणि काही पुस्तकांत तो अजून आहे. तसेच तेव्हा जगभर छापले गेलेले छत्र्यांनी भरलेल्या आकाशाचे छायाचित्र आधीच्या सरावाचे होते. त्या फोटोखाली ‘टांगाईल’ लिहिलेले असेल, तर बाकीचे आकडेही जपून घ्या.

५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडची मार्च १९४४ची मणिपूरमधली सांगशाकची लढाई मागणारे थोडे आहेत, वाढावेत. छत्री नाही, पायदळ म्हणून लढले. डोंगरमाथ्यावर खडक असल्याने खोल खंदक खणता आले नाहीत, पाणी नव्हते, आणि विमानातून टाकलेले बरेच सामान जपान्यांच्या हाती पडले. कोरियातल्या ६०व्या पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सवरही विचारा. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या पथकातल्या १२ जणांनी २३ मार्च १९५१ रोजी मुनसान-नी येथे अमेरिकन छत्रीधाऱ्यांबरोबर उडी घेतली, आणि लगेच जखमींवर उपचार सुरू केले.

सावरण्याबद्दल वाचायचे, तर पुणेकरांना फार लांब जायला नको. वानवडीचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे, आणि मणक्याला इजा झालेल्या जवानांचे खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४पासून. भारतीय सैनिकांच्या आठवणींत या नावांवर आलात, की थोडे थांबून वाचा.

घरात फौजी असेल तर

भेट म्हणून देणार असाल, तर आधी विचारा. ज्या मोहिमेत तो स्वतः होता, तिच्यावरचे पुस्तक अचानक हातात ठेवू नका. सुरुवात दुसऱ्या देशाच्या, दुसऱ्या काळाच्या पुस्तकाने करा. हॅकेट इथेही चालते. झोप उडाली, फटाक्याच्या आवाजाने दचकणे वाढले किंवा चिडचिड सुरू झाली, तर पुस्तक बाजूला ठेवायला सांगा आणि डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

जुनी प्रत घेताना

यातली बरीच पुस्तके आता जुन्या बाजारातच मिळतात. स्वस्त आवृत्त्यांचा कागद आम्लयुक्त असतो, तो कडेने तपकिरी होऊन ठिसूळ होतो. पान हळूच दुमडून पाहा. चरचर आवाज आला तर ती प्रत वाचण्यापुरती, ठेवण्यापुरती नाही. कणा गमाचा असेल तर पुस्तक १८० अंशांत उघडू नका. नकाशे मोजा: यादीत सात आणि आत पाच असतील तर किंमत कमी मागा, कारण घडीचे नकाशे सर्वांत आधी फाटतात. पावसाळ्यात प्लास्टिकचे कव्हर घालू नका, आत दमट राहून बुरशी धरते. ब्राउन पेपर लावा, कपाटात वेखंड ठेवा, आणि पुस्तके भिंतीपासून दोन बोटे पुढे असू द्या. कसर लागलेली प्रत इतरांपासून लगेच वेगळी करा. आमच्याकडून घेतलेल्या प्रतीत नकाशाचे पान नसेल, तर पंधरा दिवसांत पावतीसह आणून द्या, आम्ही ती परत घेतो.