नफा नीतीत बसतो का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

‘भांडवलशाही’ या शब्दाला चलन मिळवून दिले ते तिच्या विरोधकांनी. फ्रेंच समाजवादी लुई ब्लां यांनी १८५० मध्ये तो आजच्याशी जुळणाऱ्या अर्थाने वापरला. ॲडम स्मिथ यांच्या लेखनात तो सापडत नाही आणि कार्ल मार्क्स यांनीही तो क्वचितच वापरला. नाव इतके अलीकडचे असले, तरी या व्यवस्थेच्या नैतिकतेविषयीचा वाद पुष्कळ जुना आहे, आणि त्याची सुरुवात कारखान्यापासून किंवा बाजारापासून नव्हे, व्याजापासून झाली.

पैसा हे देवघेवीचे साधन आहे, तेव्हा पैशाने पैसा प्रसवावा हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. ग्रीक भाषेत व्याज आणि अपत्य यांना ‘टोकोस’ हा एकच शब्द असल्यामुळे त्याच्या युक्तिवादाला भाषेचाही आधार मिळाला. मध्ययुगीन चर्चने हीच भूमिका पुढे नेली. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघडपणे व्याजबट्टा करणाऱ्यांना ख्रिस्ती विधीने दफन करण्याची मनाई केली. व्यापार मात्र थांबला नाही. फ्लॉरेन्समधला पेढीवाला गरजूला स्थानिक नाणी देई आणि लंडनला किंवा ब्रूजला तिथल्या चलनात फेडायची हुंडी लिहून घेई. ती रक्कम दुसऱ्या हुंडीने फ्लॉरेन्सला परत येईपर्यंत विनिमयाच्या दोन दरांतला फरक बहुधा त्याच्या पदरात पडलेला असे. कागदावर कुठेही व्याज नव्हते. दर फिरला तर तोटा होण्याची शक्यता होती, आणि म्हणूनच हा फरक जोखमीचा मोबदला मानता येईल का, यावर धर्मपंडितांनी दीर्घकाळ खल केला. आज तो शब्दच्छल वाटतो. पण जोखीम पत्करणाऱ्याला आणि हाती असलेल्या पैशाचा दुसरा उपयोग सोडून देणाऱ्याला काहीतरी मिळाले पाहिजे, ही नफ्याच्या समर्थनातली मूळ कल्पना अशाच चर्चांतून घडत गेली. इंग्लंडने १५४५ मध्ये दहा टक्क्यांपर्यंतच्या व्याजाला मुभा दिली, १५५२ मध्ये ती काढून घेतली आणि १५७१ मध्ये पुन्हा दिली. व्याजावरची कायदेशीर कमाल मर्यादा तिथे १८५४ मध्येच उठली.

इथपर्यंतचा प्रश्न हेतूचा होता: लोभाने केलेला व्यवहार पाप आहे की नाही? अठराव्या शतकात तो परिणामाचा झाला. इंग्लंडमधले लेखक बर्नार्ड मँडेव्हिल यांनी १७१४ मध्ये असे मांडले की चैन आणि हाव या व्यक्तीच्या दुर्गुणांतूनच समाजाची भरभराट होते. १७२३ मध्ये मिडलसेक्सच्या ज्युरीने त्यांचे पुस्तक समाजाला उपद्रवकारक ठरवले. स्मिथ यांनी स्वार्थाला दुर्गुण म्हणण्याचे टाळले आणि युक्तिवाद अधिक पक्का केला. १७७६ च्या त्यांच्या ग्रंथातले टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे: एकट्याने दिवसाला वीस टाचण्याही न बनवू शकणारी दहा माणसे काम वाटून घेतात तेव्हा अठ्ठेचाळीस हजारांवर टाचण्या तयार होतात. स्मिथ यांचे नाव घेऊन बाजाराची भलामण करणारे बहुतेकदा याच प्रकरणापाशी थांबतात. त्याच ग्रंथात बरेच पुढे त्यांनी लिहिले आहे की जन्मभर दोनचार सोप्या क्रियाच करत राहणाऱ्या माणसाची बुद्धी गंजते, आणि म्हणून कष्टकऱ्यांच्या शिक्षणाकडे सरकारने लक्ष दिले पाहिजे.

परिणामांच्या कसोटीवर समर्थन करायचे, तर वाईट परिणामांचाही हिशेब द्यावा लागतो. ब्रिटनच्या १८३३ च्या कारखाना कायद्याने बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. अशी बंदी घालावी लागली, यातच आधीची स्थिती कळते. त्याच वर्षी ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी संपवणारा कायदा झाला आणि भरपाईसाठी दोन कोटी पौंड मंजूर झाले. ती भरपाई मालकांना होती. गुलाम ही कायद्याने मालमत्ता होती, त्यामुळे जे हिरावले गेले ते मालकाचे, असा तो हिशेब होता. मार्क्स यांनी १८६७ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: मजूर कायद्याने स्वतंत्र असला, तरी श्रम विकल्याशिवाय त्याला जगता येत नसेल, तर त्याने केलेला करार कितपत मुक्त?

विसाव्या शतकात समर्थनाचे दोन प्रवाह स्पष्टपणे वेगळे झाले. अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० मध्ये आणि नंतर फ्रीडरिश हायेक यांनी असे मांडले की किमती हे माहितीचे वाहन आहे आणि बाजाराविना मध्यवर्ती नियोजनकाराला ती माहिती मिळूच शकत नाही. हा परिणामाचा युक्तिवाद झाला. दुसरा हक्काचा. न्याय्य मार्गाने मिळवलेले आणि स्वखुशीने हस्तांतरित झालेले धन, वाटप कितीही विषम असले तरी न्याय्यच, असे अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये म्हटले. विषमता तळातल्यांच्या हिताची असेल तरच ती समर्थनीय, या तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांच्या १९७१ मधल्या भूमिकेला ते उत्तर होते. हे दोन युक्तिवाद सर्रास एकत्र मांडले जातात, पण ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत: परिणाम वाईट निघाले तर पहिला ढासळतो, दुसऱ्याला त्याने धक्काही लागत नाही.

कंपन्यांपुरता हा वाद अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये एका लेखात आणून ठेवला. कायदा आणि रूढ नीती पाळून भागधारकांसाठी नफा वाढवणे, हीच व्यवस्थापकांची जबाबदारी, असे ते म्हणाले. त्यातली अट बहुधा विसरली जाते, आणि नियम घडवण्यात खुद्द कंपन्यांचाच हात असेल तर त्या अटीला काय अर्थ उरतो, हा टीकाकारांचा प्रश्न आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनी एका निवेदनावर सह्या करून ग्राहक, कर्मचारी, पुरवठादार आणि स्थानिक समाज यांच्याशीही आपली बांधिलकी जाहीर केली. भागधारकांचा उल्लेख त्या यादीत शेवटी होता. त्या निवेदनाला कायद्याचे बंधन नव्हते.