शंखशिंपल्यांचे किनारे : गोव्यातली पार्श्वभूमी

गोव्यात शंखशिंपले वेचायला कुठला किनारा चांगला, या प्रश्नाचं उत्तर दर पिढीत बदललं आहे. जुनी माणसं अजूनही कळंगुट-कांदोळीचं नाव घेतात. आता तिथे पहाटे गेलं तरी हाती फारसं लागत नाही. काणकोणकडे चला, असं कुणी सांगतं, तर कुणी केरीच्या टोकाला पाठवतं. यामागे समुद्राचा स्वभाव थोडा आहे आणि माणसाचे निर्णय पुष्कळ.

समुद्राचं आधी सांगून टाकतो. कोलव्यासारखा लांबसडक, उघडा किनारा लाटांचा मार खातो, त्यामुळे तिथे बहुधा तुकडेच मिळतात. अखंड शंख हवा असेल तर तीन प्रकारच्या जागा बघाव्यात. पहिली, नदीच्या मुखाजवळची वाळूची जीभ: शापोराच्या तोंडाशी मोरजी, तेरेखोलच्या तोंडाशी केरी, साळ नदीच्या तोंडाशी मोबोर. दुसरी, हणजूण-वागातोरसारखे खडक, जिथे ओहोटीला डबकी उघडी पडतात. तिसरी, झुआरीच्या आतल्या अंगाचे शांत किनारे, म्हणजे बांबोळी आणि शिरदोन. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला ती परत आणून टाकतो. वेचणाऱ्यांचा हंगाम तिथून सुरू होतो.

पोर्तुगीज अमदानीत शिंपला ही वेचायची हौस नव्हती, तो कच्चा माल होता. चिऱ्याच्या भिंती बांधायला आणि गिलाव्याला लागणारा चुना शिंपले भाजून करत. खिडक्यांसाठी एक खास शिंपली लागे. शास्त्रीय नावाने ती प्लाकुना प्लासेंटा. तळहाताएवढी, जवळजवळ सपाट, इतकी पातळ की उजेडासमोर धरली तर बोटांची सावली पलीकडून दिसते. आतल्या बाजूला बिजागरीपाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखी उंचवट्याची खूण असते, आणि ओळखायची खात्रीची खूण तीच. ही शिंपली चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. काच महाग होती. शिवाय या शिंपलीतून येणारा उजेड दुधाळ असतो, डोळ्यांना टोचत नाही. पणजीच्या फोंतेन्हासमधल्या आणि सासष्टीतल्या जुन्या घरांत अशी तावदानं अजून बघायला मिळतात. पुढे काच स्वस्त झाली आणि हा धंदा बसला.

खाण्याची गोष्ट मात्र कधीच थांबली नाही. तिसऱ्यो, खुबे, शिनाणे, कालवं काढायला बायका ओहोटीला खाडीत उतरत आल्या आहेत. कुठल्या किनाऱ्यावर काय मिळतं याचं गोव्यातलं सगळ्यात पक्कं ज्ञान त्यांच्याकडे आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा हिशोब किनाऱ्यावरच्या घरांत तोंडपाठ असतो. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ही भरतीची वेळ; पूर्ण ओहोटी तिच्या सहा तास आधी, म्हणजे पहाटे पाचच्या आसपास. उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर हटतं. अष्टमीच्या भांगात, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, ते जेमतेम हलतं, तेव्हा जाऊन उपयोग नाही.

हौशी वेचणारे आले ते पर्यटनाबरोबर. साठच्या दशकाच्या अखेरीस हिप्पी हणजूणला उतरले, १९८७ मध्ये पहिलं चार्टर विमान आलं, आणि शिंपला ही घरी न्यायची आठवण झाली. कळंगुटच्या दुकानांत मोठमोठे शंख मांडलेले दिसू लागले. त्यांतले बहुतेक गोव्याचे नव्हतेच, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून आणि अंदमानकडून आलेले होते. पर्यटकांना वाटे, हे इथल्याच वाळूत मिळतात. शोभेच्या शंखांच्या या व्यापाराचे परिणाम पुढे कायद्यापर्यंत गेले.

हा कायदा म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. २००१ मध्ये त्याच्या अनुसूच्यांत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्यांत, समुद्री जीवांची भर पडली. शंखशिंपल्यांच्या २४ जाती त्यात आल्या, आणि गोंधळ आजही तिथेच आहे. त्याच वर्षी जुलैत शार्क आणि पाकट यांचा सगळा वर्ग सरसकट संरक्षित केला गेला होता. मच्छीमारांनी ओरड केली, आणि डिसेंबरात ती यादी दहा जातींवर आली. शंखशिंपल्यांची यादी मात्र तशीच राहिली.

या यादीचा रोख शोभेच्या व्यापारावर होता. शिंगाळी शिरस्त्राण-शंख, तुतारीचा मोठा शंख, राक्षसी शिंपले, नॉटिलस अशी नावं त्यात आहेत. गोव्याच्या वाळूवर फिरणाऱ्याला यांतलं काही सापडण्याची शक्यता फार थोडी. पण याच यादीत प्लाकुना प्लासेंटाही आहे. म्हणजे गोव्याच्या घरांना शतकानुशतकं उजेड देणारी शिंपली रत्नं-मोत्यांच्या भावात विकल्या जाणाऱ्या शंखांच्या रांगेत जाऊन बसली.

आता प्रश्न रिकाम्या शिंपलीचा. आतला जीव मेलेला आहे आणि लाटेने टाकलेलं टरफल वाळूत पडलं आहे. ते उचलणं म्हणजे शिकार नव्हे, हे उघड आहे. पण कायद्याचं कलम ३९ असं की अनुसूचीतला प्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता ठरतो, आणि त्याच्यापासून मिळालेल्या वस्तूही. अक्षरशः वाचलं तर शिरदोनला मुलाने खिशात टाकलेली ती पातळ शिंपली सरकारची होते. तिच्या शेजारची तिसरीची, म्हणजे खाण्याच्या तिसऱ्योची, शिंपली यादीत नाही, ती टोपलीभर नेली तरी चालते. एक बाजू म्हणते, रिकाम्या टरफलांना मुभा दिली की जिवंत मारून रिकामी केलेलीही त्याच मार्गाने बाजारात येतील. दुसरी बाजू म्हणते, एवढ्याशा गोष्टीला कायद्याचा धाक दाखवला तर लोक मोठ्या गोष्टीतही कायदा मानत नाहीत. मला पहिल्या बाजूचं म्हणणं जास्त पटतं, कारण टरफलाकडे बघून आतला जीव कसा गेला ते सांगता येत नाही. एकच अपवाद आहे. शिंपलीवर अगदी गोल, कडेला उतार असलेलं भोक दिसलं तर ते नाटिका नावाच्या शिकारी शंखाचं काम. त्याने आम्ल आणि दातेरी जीभ वापरून भोक पाडलेलं असतं आणि आतलं मांस खाल्लेलं असतं. पण असा पुरावा वेचणाऱ्याने कुणाकुणाला दाखवत बसायचा?

अडचण घरमालकांचीही आहे. जुनं तावदान फुटलं तर नवी शिंपली आणता येत नाही, पडक्या घरातून निघालेली मिळवावी लागते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेररचना झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पण वाळूत पडलेल्या रिकाम्या टरफलाचं काय, याचं साधं उत्तर तिच्यातही नाही.

खिडकीच्या या शिंपलीचा खरा जिवंत साठा झुआरीच्या चिखलात, चिखली गावाच्या बाजूला आहे. तिथे मरिना, म्हणजे हौशी नौकांचं बंदर, बांधायचे बेत निघाले तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला, आणि त्यांच्या मुद्द्यांत ही शिंपली ठळक होती. खाडीत रोज उतरणाऱ्या लोकांनी आपण होऊन तिची बाजू घेतली, हे मला सगळ्या कागदी संरक्षणापेक्षा मोलाचं वाटतं.

दरम्यान किनारेच बदलत गेले. जून २००० मध्ये कांदोळीजवळ एक मोठं मालवाहू जहाज रुतलं आणि २०१२ पर्यंत तिथेच राहिलं. त्या बारा वर्षांत आजूबाजूची वाळू खचली. गर्दीच्या किनाऱ्यांवर सफाई ठेक्यावर गेली, ट्रॅक्टरला जोडलेली यंत्रं फिरू लागली. भरतीच्या रेषेवर काटक्या, शेवाळ आणि शिंपले यांची जी माळ पडते, ती यंत्र कचऱ्याबरोबर उचलतं. प्लास्टिक निघायलाच हवं, त्यात वाद नाही, पण त्याच चाळणीत शंखही जातात आणि त्यांत बिऱ्हाड करणारे शंखखेकडेही. कळंगुटला हाती काही लागत नाही, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

किनाऱ्यालगतच्या बांधकामावर मर्यादा घालणारी किनारा नियमन अधिसूचना १९९१ मध्ये आली. २०११ च्या आवृत्तीत गोव्यासाठी वेगळ्या तरतुदी झाल्या. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे म्हणून नोंदले गेले आणि तिथे बांधकामाला बंदी आली. शंखशिंपल्यांचा त्यात उल्लेख नाही, पण फायदा त्यांनाही झाला. गालजीबागला सुरूच्या झाडांखालून खाली उतरलं की भरतीची माळ अजून शाबूत दिसते. उत्तरेकडे मात्र २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याचे किनारे झपाट्याने भरू लागले आहेत.

त्यामुळे आज कुणी विचारलं तर मी तीन नावं घेतो. अखंड शंखांसाठी गालजीबाग, पण नोव्हेंबरनंतर विणीच्या खुणा केलेल्या भागापासून लांब राहून. सूक्ष्म, रंगीत बटणशंखांसाठी केरीचं नदीकडचं टोक. आणि बघण्यासाठी, उचलण्यासाठी नव्हे, शिरदोन: अमावास्या-पौर्णिमेच्या पहाटे, पाणी पूर्ण उतरलेलं असताना.