फिरत्या चकतीवरची उभी लाट

धातूच्या चकतीवर वाळू पसरायची, कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. वाळू थरथरत सरकते आणि नक्षी धरते. ‘ॐकारातून श्रीयंत्र उमटतं’ म्हणत असे व्हिडिओ हल्ली फिरतात. ते साफ चूक आहे. चकतीचा आकार, जाडी, ती धरली कुठे आणि कंपनांची वारंवारिता किती, यावर नक्षी ठरते. शब्दाचा अर्थ धातूला कळत नाही. अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन संशोधकाने १७८७ मध्येच या आकृत्या छापल्या होत्या. वाळू साचते ती न हलणाऱ्या, म्हणजे निस्पंद रेषांवर.

खरी गंमत चकती फिरायला लागल्यावर आहे. केंद्रातून जाणाऱ्या तीन निस्पंद रेषा असतील, तर ते कंपन म्हणजे कडेने उलटसुलट धावणाऱ्या दोन लाटा. फिरत्या चकतीत सेकंदाला १५० कंपनं होत असतील, तर प्रत्येक लाट चकतीवर सेकंदाला १५० भागिले ३, म्हणजे ५० फेऱ्या मारते. आता चकतीच मिनिटाला ३००० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांनी फिरतेय असं समजा. उलट धावणारी लाट आपल्यासमोर चक्क थांबते! उतरत्या सरकत्या जिन्यावर वर धावणारं पोर एकाच जागी दिसतं ना, तसंच. मग ही चकती म्हणजे वाफेच्या झोताने फिरणाऱ्या टर्बाइनचं चाक असेल, तर एका जागी वाफेचा दाब जरासा जास्त असला तरी पुरे. तो स्थिर दाब त्या उभ्या लाटेला अखंड ऊर्जा पुरवत राहतो आणि पोलादी चाकाला तडा जातो. आपल्याकडच्या औष्णिक वीजकेंद्रांतली मोठी टर्बाइनं ३००० फेऱ्यांनीच फिरतात.

फिरताना चकती बाहेरच्या बाजूला ताणली जाते, डफाच्या कातड्यासारखी, आणि तिची वारंवारिता वाढते. म्हणून थांबलेल्या चाकावरची चाचणी अपुरी पडते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी टर्बाइनची चाकं प्रत्यक्ष फिरवून कंपनं मोजली आणि १९२४ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या आलेखात आडव्या अक्षावर फेऱ्या, उभ्या अक्षावर वारंवारिता. चाकाच्या वारंवारितेची रेषा आणि फेऱ्यांच्या पटीची (वरच्या उदाहरणात तिप्पट) रेषा जिथे छेदतात, ती गती टाळायची. हा आलेख आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

लाकडाच्या वखारीतल्या चक्री करवतीचंही हेच. मोटरची गती तीच, पण बराच वेळ कापून पात्याची कड तापली, प्रसरण पावली, की पात्याची वारंवारिता घसरते. धोक्याची गती खाली येऊन चालू गतीला भिडते. पातं डुलायला लागतं आणि फळीवरचा काप नागमोडी होतो.