एचआयव्ही उपचार आणि कोरोनाचा धोका (ग्रामीण विदर्भ)

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला कोरोना किती जड जाईल, हे बऱ्याच अंशी तिचा एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांचा) उपचार नियमित आहे की नाही यावर ठरते. केवळ एचआयव्हीमुळे कोरोनाची लागण जास्त होते, असे ठामपणे दिसलेले नाही; आजार बळावण्याचा धोका मात्र वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२१ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात रुग्णालयात दाखल झालेल्या एचआयव्हीबाधितांमध्ये मृत्यूचा धोका इतरांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त आढळला; त्यातली बहुतेक माहिती दक्षिण आफ्रिकेतली होती. सीडी-४ (रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पेशींची संख्या) २००च्या खाली असेल तर धोका सर्वाधिक. उपचार नसलेल्यांच्या शरीरात कोरोना विषाणू महिनोन्‌महिने टिकल्याच्याही नोंदी आहेत.

एआरटीच्या गोळ्या कोरोनावरचे औषध नाहीत. लोपिनाविर-रिटोनाविर ही एचआयव्हीच्या औषधांची जोडी २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत कोरोनावर निरुपयोगी ठरली. टेनोफोविर हे एचआयव्हीचे औषध घेणाऱ्यांना कोरोनाचा त्रास कमी झाल्याचे स्पेनमध्ये दिसले खरे. पण मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना ते सहसा देतच नाहीत, त्यामुळे तो गट मुळातच धडधाकट असू शकतो.

गोळी आणि खंड

टीएलडी या एआरटीच्या रोजच्या एका गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असते. साथीत झिंक आणि मल्टिव्हिटॅमिन घरोघरी घेतले गेले, आणि घोटाळा इथेच होतो. झिंक, लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीच्या औषधातले मॅग्नेशियम पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवते व ते रक्तात नीट उतरत नाही. म्हणून टीएलडी यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असल्यास दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जाऊ नये.

विदर्भात खंड पडतो तो बहुधा रस्त्यामुळे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतले भामरागड तुटते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत आणि पुढे २०२१-२२ च्या संपात एसटी थांबली. त्यामुळे स्थिर रुग्णाने ३ महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात, जवळच्या लिंक एआरटी केंद्रात (मुख्य केंद्राला जोडलेल्या, गोळ्या देणाऱ्या उपकेंद्रात) नाव जोडून घ्यावे आणि शेवटची बाटली उघडली की निघायची तयारी करावी. कामासाठी परगावी जाताना केंद्राला आधी कळवावे. हिपॅटायटिस-बी सोबत असेल तर गोळ्या अचानक बंद केल्याने काविळीचा आजार उसळू शकतो.

लोकांना कळेल या भीतीने अनेक जण दाखल होताना गोळ्या घरीच ठेवतात. ही भीती खोटी नाही, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. त्यांनी ते गुप्त ठेवणे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे.

ताप-खोकला आला तर

फक्त कोरोनाची चाचणी करून थांबू नये. एचआयव्हीत कितीही दिवसांचा खोकला टीबीसाठी तपासावा. थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी) चाचणी करून घ्यावी. न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियातही कोरडा खोकला येतो, चार पावले चालले की दम लागतो, ऑक्सिजन उतरतो. चित्र हुबेहूब कोरोनाचे. हा न्यूमोनिया टाळण्यासाठी सीडी-४ ३५०च्या खाली असल्यास रोज कोट्रायमोक्साझोल ९६० मिलिग्रॅम देतात. कोरोनात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, तेही ऑक्सिजन लागणाऱ्यालाच. उगाच दिल्यास दबलेला टीबी डोके वर काढू शकतो आणि साखर चढते.

लस

मार्च २०२१ मध्ये कोरोना लसीसाठी पात्र ठरलेल्या ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांच्या यादीत एचआयव्हीचा समावेश होता. सीडी-४ कमी असल्यास लसीचा प्रतिसाद कमी पडतो, म्हणून अशांना एक वाढीव मात्रा सुचवली जाते.