फ्रँक विल्सन : ध्वनिमुद्रणे आणि दुर्मीळ सिंगल

फ्रँक विल्सन (५ डिसेंबर १९४०–२७ सप्टेंबर २०१२) हे अमेरिकी सोल संगीतातील, म्हणजे गॉस्पेल व ऱ्हिदम अँड ब्लूजमधून घडलेल्या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतातील, गायक, गीतकार व निर्माते होते. त्यांची कारकीर्द मुख्यतः मोटाऊन या ध्वनिमुद्रिका कंपनीत घडली आणि ती दुसऱ्यांची गाणी लिहिण्यात व ध्वनिमुद्रित करण्यात गेली; मात्र जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना त्यांचे नाव माहीत आहे ते १९६५ मध्ये छापून नंतर मागे घेतलेल्या एका सिंगलमुळे, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या लहान तबकडीमुळे. ‘डू आय लव्ह यू, इंडीड आय डू’ हे तिच्या दर्शनी बाजूचे गाणे, तर ‘स्वीटर ॲज द डेज गो बाय’ हे मागच्या बाजूचे. सोल संगीतातील सर्वांत महाग तबकड्यांमध्ये तिची गणना होते.

विल्सन यांचा जन्म टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे झाला. लुईझियानातील सदर्न युनिव्हर्सिटीत शिकत असताना त्यांनी नागरी हक्कांसाठीच्या धरणे आंदोलनात भाग घेतला, त्यापायी शिष्यवृत्ती गमावली आणि ते लॉस अँजेलिसला आले. तेथे गॉस्पेल या ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या गायनानंतर ते लौकिक संगीताकडे वळले व सनी डे, चेस्टर सेंट अँथनी अशा टोपणनावांनी लहान कंपन्यांसाठी गायले. डिट्रॉइटच्या मोटाऊनचे संस्थापक बेरी गॉर्डी यांनी लॉस अँजेलिसमध्ये कार्यालय थाटले, तेव्हा हॅल डेव्हिस व मार्क गॉर्डन या निर्मात्यांच्या जोडीने विल्सनही त्यात सामील झाले.

‘डू आय लव्ह यू’ हे गाणे विल्सन यांनीच लिहिले. निर्मिती डेव्हिस आणि गॉर्डन यांची होती. अडीच मिनिटांच्या आसपासच्या या गाण्यात चारही मात्रांवर सारखा पडणारा ठोका, त्यावर खंजिरी, पितळी वाद्ये व मागे स्त्रीस्वरांचा कोरस असून गायकाचा आवाज या गर्दीतून वाट काढत वर येतो. तो फार घोटीव नाही, आणि गाण्याची गोडी बहुधा त्यातच आहे. मोटाऊनच्या ‘सोल’ या उपलेबलवर (दुय्यम नाममुद्रेवर) ३५०१९ या क्रमांकाने ते डिसेंबर १९६५ मध्ये बाजारात यायचे होते व त्यासाठी सुमारे २५० डेमो प्रती, म्हणजे रेडिओ केंद्रांना पाठवायच्या विनाविक्री तबकड्या, छापल्या गेल्या. मराठी भावगीतांच्या ७ इंची ईपीवर साधारणतः चार गाणी असत. अमेरिकी सिंगलवर मात्र एका बाजूला एकच गाणे असल्याने अशा डेमोच्या भवितव्यावरच गायकाचे भवितव्य ठरे. विल्सन यांच्या बाबतीत तबकडी प्रसिद्धच झाली नाही आणि बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. गॉर्डी यांना गायन पसंत पडले नाही, असे काही जण सांगतात. गायक व्हायचे की निर्माता, असे विचारले गेल्यावर विल्सन यांनी निर्मितीची निवड केली, असेही सांगितले जाते. हे दोन वृत्तान्त परस्परविरोधी असलेच पाहिजेत असे नाही. त्याच वाद्यमेळावर पुढे ख्रिस क्लार्क या गायिकेचा आवाज चढवण्यात आला, पण तेही ध्वनिमुद्रण त्या काळी बाहेर आले नाही.

निर्माता म्हणून मात्र विल्सन यांना मोठे यश लाभले. ब्रेंडा हॉलोवे यांच्या ‘यूव्ह मेड मी सो व्हेरी हॅपी’ (१९६७) या गाण्याच्या लेखनात त्यांचा वाटा होता, तसेच सुप्रीम्स या गायिकांच्या त्रयीचे ‘लव्ह चाइल्ड’ (१९६८) लिहिणाऱ्या व निर्मिणाऱ्या गटातही ते होते. मुख्य गायिका डायना रॉस बाहेर पडल्यानंतर सुप्रीम्सची ‘अप द लॅडर टू द रूफ’ व ‘स्टोन्ड लव्ह’ (दोन्ही १९७०) ही गाणी त्यांनीच घडवली. गायक एडी केंड्रिक्स यांचे ‘कीप ऑन ट्रकिन’ हे त्यांनी निर्मिलेले गाणे १९७३ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९७०च्या दशकाच्या मध्यास मोटाऊन सोडून ते ख्रिस्ती धर्मकार्यात शिरले.

नाकारलेल्या तबकडीला मोल आले ते अमेरिकेत नव्हे, तर उत्तर इंग्लंडच्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत. तेथील तरुणांना १९६०च्या दशकाच्या मध्यातील द्रुत सोलच नाचायला हवे होते, आणि अमेरिकी संगीत तोवर फंक या ठेक्यावर भर देणाऱ्या नव्या शैलीकडे वळलेले होते. तशी नवी गाणी तयारच होत नसल्याने जुनी, न खपलेली गाणी उकरून काढणे हा एकच मार्ग उरला. या छंदाला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव डेव्ह गॉडिन या पत्रकाराने दिले. त्याचे सर्वांत गाजलेले ठिकाण म्हणजे विगन या गावातील विगन कॅसिनो हे नृत्यगृह (१९७३–८१). तेथे मद्य मिळत नसे, लोक रात्रभर नाचत आणि पाय सहज घसरावेत म्हणून लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकत. इतर कोणाकडे नसलेले गाणे आपल्याकडे असणे हीच डीजेची पत असल्यामुळे लेबलवर कोरा कागद चिकटवून गायकाचे खोटे नाव सांगण्याची रीत पडली. तिला ‘कव्हर-अप’ म्हणत.

मोटाऊनच्या संग्रहातील विल्सन यांची एक डेमो प्रत १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सायमन सूसाँ या व्यापाऱ्याच्या हाती लागली. त्याने गाण्याची चोरटी आवृत्ती एडी फॉस्टर या दुसऱ्याच गायकाच्या नावे खपवली, आणि विगनचे नर्तक काही काळ त्याच नावाने हे गाणे ओळखत राहिले. खरा गायक उघड झाल्यावर मागणी इतकी वाढली की १९७९ मध्ये टॅमला मोटाऊन या मोटाऊनच्या ब्रिटनमधील लेबलने ते रीतसर प्रसिद्ध केले.

त्यानंतर हे गाणे कोणालाही थोडक्या पैशांत घेता येऊ लागले, तरी मूळ डेमोचा भाव उतरला नाही. सूसाँकडील प्रत हातोहाती फिरत ब्रिटनमध्ये पोहोचली. नंतर सापडलेली दुसरी प्रत १९९०च्या दशकात एका स्कॉटिश संग्राहकाने १५,००० पौंडांना घेतली आणि २००९ मध्ये ती २५,७४२ पौंडांना विकली गेली. २०२० मध्ये एका प्रतीला १,००,००० पौंड मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे किंमत गाण्याची नसून छपाईची आहे. म्हणूनच अशा तबकड्यांचा जाणकार गिऱ्हाईक त्या वाजवून पाहण्याआधी प्रकाशात तिरप्या धरतो आणि शेवटची खाच व लेबल यांमधील गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक तपासतो. गाणे तर नकली प्रतीवरही तेच असते.