क्लार्क, एलिझाबेथ ए.

(२७ सप्टेंबर १९३८ – ७ सप्टेंबर २०२१). आद्य ख्रिस्ती धर्माच्या अमेरिकन इतिहासकार. कोलंबिया विद्यापीठातून १९६५ मध्ये पीएच.डी. व्हर्जिनियातील मेरी वॉशिंग्टन कॉलेजात त्यांनी धर्म-अध्ययनाचा विभाग उभारला. १९८२ पासून ड्यूक विद्यापीठात अध्यापन केले. अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजनच्या त्या १९९० मध्ये अध्यक्ष होत्या.

चर्चचे पितर (ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतील प्रमाण मानले गेलेले धर्मशास्त्री), त्यांचे सिद्धांत आणि पाखंडमतांचे खंडन यांभोवती फिरणाऱ्या या विषयात त्यांनी पितरांच्या मठांना पैसा पुरवणाऱ्या स्त्रियांकडे लक्ष वेधले. तिसऱ्या शतकातील धर्मशास्त्री ओरिगेन याच्या मतांवरून जेरोम आणि रुफिनस हे नंतरच्या काळातील ख्रिस्ती लेखक, जुने मित्र, वैरी झाले. त्या वादाचा धागा क्लार्क यांनी १९९२ च्या ग्रंथात मैत्री आणि आश्रयाच्या जाळ्यांतून उलगडला. जेरोमच्या पाठीशी पॉला ही श्रीमंत रोमन स्त्री होती, रुफिनसच्या पाठीशी तशीच थोरली मेलानिया.

थोरल्या मेलानियाची नात धाकटी मेलानिया (मृत्यू ४३९) हा क्लार्क यांचा आयुष्यभराचा विषय. रोमच्या सिनेटर घराण्यातील या वारसदार मुलीची दोन्ही मुले दगावली. त्यानंतर तिने पती पिनियानससह ब्रह्मचर्य पत्करले, अनेक प्रांतांत पसरलेल्या जमिनी विकल्या आणि अखेर यरुशलेमजवळ जैतुनांच्या डोंगरावर मठ बांधले. तिचा सहकारी भिक्षू गेरोंटियस याने लिहिलेल्या तिच्या चरित्राचा क्लार्क यांचा अनुवाद १९८४ मध्ये आला. २०२१ चे पुस्तकही तिच्यावरच आहे. वैराग्यामुळे अशा स्त्रियांना प्रवास, अध्ययन आणि अधिकार मिळाला, पण त्यामागे घराण्याची संपत्ती आणि प्रतिष्ठा होती, हे त्यांनी नजरेआड केले नाही.

‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’ असे सांगणाऱ्या बायबलमधून पितरांनी ब्रह्मचर्याचा उपदेश कसा काढला, याचा शोध त्यांनी १९९९ च्या ग्रंथात घेतला.

त्यांचे सर्वांत धाडसी लेखन मात्र १९९८ चा एक निबंध आहे, असे वाटते. चौथ्या शतकातील बिशप, निस्साच्या ग्रेगरीने आपली बहीण माक्रिना हिचे चरित्र लिहिले. तिच्या तोंडी तत्त्वज्ञान घातले. ते शब्द तिचे मानायचे का? क्लार्क यांचे उत्तर स्त्री-इतिहासकारांना बोचणारे होते: इथे बोलतो तो ग्रेगरी, आणि आपल्या मतांसाठी बहिणीची प्रतिमा वापरतो. तरीही त्यांनी स्त्रियांचा शोध सोडला नाही. स्त्री थेट हाती लागत नसली तरी तिच्या खुणा मजकुरात उरतात, असे त्यांनी त्याच निबंधात मांडले.