हमीद दलवाई आणि असगर अली इंजिनिअर: मागणी सारखी, आधार वेगळा

तोंडी तलाक बंद व्हावा, असं दोघांचंही म्हणणं. दोघांनाही समाजाचा रोष सोसावा लागला. त्यामुळे ‘मुस्लिम सुधारक’ म्हणून दोघांची नावं एका दमात घेतली जातात आणि दलवाईंची समान नागरी कायद्याची मागणी सर्रास इंजिनिअरांच्या नावावर टाकली जाते. ते चूक आहे.

फरक ओळखायचा तर युक्तिवादातला पहिला पुरावा कुठून येतो, ते बघा.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे दलवाई (१९३२-७७) राज्यघटनेपासून सुरुवात करत. नागरिकाचे हक्क धर्मग्रंथावर ठरू नयेत, ही त्यांची भूमिका. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. आपलं दहन धार्मिक विधी न करता करावं, असंही सांगून ठेवलं. भूमिका स्वच्छ होती, पण श्रद्धाळू माणसाला ती परकी वाटे. सोबत येणारे थोडेच राहिले.

इंजिनिअर (१९३९-२०१३) दाऊदी बोहरा घरातले, वडील धर्मगुरू. त्यांचा पहिला पुरावा कुराणातलाच. कुराण वेगळं आणि फकिहांनी, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांनी, पुढे रचलेला शरियतचा कायदा वेगळा, हे ते आधी मांडत. मग आयतींची, म्हणजे कुराणातल्या वचनांची, विभागणी: काही त्या काळच्या परिस्थितीपुरत्या, काही कायमच्या मूल्यांच्या. चार बायकांची परवानगी देणारी आयत (४:३) अनाथांना न्याय देण्याच्या चिंतेतून सुरू होते. पैगंबरांच्या काळातल्या उहुदच्या लढाईनंतर विधवा आणि अनाथ वाढले होते. त्याच सुरेत (अध्यायात) पुढे (४:१२९) म्हटलंय, कितीही इच्छा असली तरी बायकांना समान वागवणं तुम्हाला जमणार नाही. दोन्ही आयती एकत्र वाचल्या की परवानगी जवळजवळ मिटते. इंजिनिअरांना हवं होतं ते मुस्लिम व्यक्तिगत कायदा सुधारून कलमवार लिहून काढणं.

अडचण इथेही आहे. अर्थ लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असं उलेमा (धर्मपंडित) विचारतात. नवऱ्याला बायकोवर हात उगारायची मुभा देणारी म्हणून वाचली जाणारी आयत (४:३४) आली की या पद्धतीचा खरा कस लागतो.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी एका दमातला तलाक रद्द केला, तेव्हा हे दोन्ही मार्ग एकाच निकालात दिसले. न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी घटनेच्या समानतेच्या कलम १४ वर बोट ठेवलं, न्या. कुरियन जोसेफ यांनी हा तलाक कुराणालाच धरून नाही, म्हणून कायद्यालाही नाही, असं म्हटलं. कोणत्याही एका युक्तिवादाच्या बाजूने बहुमत नव्हतं. बहुपत्नीत्वाच्या बाबतीत हा जोड इतक्या सहज जुळणार नाही, कारण तिथे परवानगीची आयत समोर उभी आहे.